बाहुलीच्या आतड्यातली आग

फरीदाबादच्या नव्या टॉवरांमागच्या रिकाम्या प्लॉटवर गुरुवारी तोबा गर्दी उसळायची. बड्या कंपन्यांचे मॅनेजर टाय सैल करून रांगेत उभे, आणि प्रत्येकाच्या हातात बाळाचं लंगोट! बाळाला आणायचं नाही, नजर लागते. नुसतं लंगोट आणायचं, असा अग्निशमन बाबांचा दंडक होता.

बाबा त्यावर 'गंगाजल' शिंपडायचे. बाबांची 'भभूत' पोटाला चोळून पिवळं पडलेलं लंगोट क्षणात लालभडक!

"देखो, अंतड़ियों में ज्वालामुखी! इसी से खुजली है! गाय के दूध का पेड़ा चटाओ!"

पुढच्या खेपेला त्याच लंगोटावर दुसऱ्या कमंडलूतलं पाणी शिंपडलं, की लाली गायब. "आग शांत!" आईबाप धन्य.

वल्लरीचा नवरा साकेतही धन्य झाला होता. दिवसभर कंप्युटरमधल्या चुका शोधणारा हा पुणेकर इथं मात्र डोकं चपलांजवळ ठेवून आत जायचा. त्यांच्या तान्ह्या सिद्धांतला इसब होतं, गाईचं दूध सोसत नव्हतं. डॉक्टर शालिनींनी दूध बंद केलं होतं. साकेतनं गुपचूप पेढा चाटवला. पोराला ओकाऱ्या झाल्या, अंगभर पुरळ फुललं, शीतून रक्त पडलं. डॉक्टरांनी सावरलं, पण वल्लरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पण रीडिंग सुधारतंय यार," साकेत म्हणाला. "लाली बिल्कुल कमी झाली."

"लंगोटाची झाली. पोराची वाढतेय!"

बाबांकडून 'शांत' होऊन आलेलं ते लंगोट तिनं रागानं साबणाच्या पाण्यात बुचकळलं. ते पुन्हा लालभडक! वल्लरी बघतच राहिली. आमटीच्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो. बाळाच्या पोटावर चोळायला बाबांनी दिलेली 'भभूत' तिनं हुंगली. हळद! निव्वळ फोडणीतली हळद!

पुढच्या गुरुवारी भभूत चोळलेलं एक लंगोट आणि साकेतला घेऊन तीच रांगेत उभी राहिली.

"भयंकर आग!" तिच्या हातातल्या लंगोटावर गंगाजल शिंपडून बाबा गरजले. "बच्चा बहुत कष्ट में है. पेड़ा डबल करो!"

"बाबाजी, बच्चा ये रहा." वल्लरीनं पिशवीतून प्लास्टिकची बाहुली काढली. "लंगोट इसी का है."

रांगेत खसखस पिकली.

"गुड़िया में भी आत्मा होती है," बाबा पुटपुटले.

"आत्मा होगी. अंतड़ी कहाँ से आई?"

मग तिनं सगळ्यांना समजावलं. बाबांची भभूत म्हणजे हळद आणि गंगाजल म्हणजे चुन्याचं पाणी; हळदीला ते लागलं की ती लाल होते, आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. एका बापानं दुसऱ्या कमंडलूत बोट घालून चाटलं. "अरे यार, निंबू पानी!" तोवर बाबा मोटारीत बसलेसुद्धा.

साकेतला रडू फुटलं. "मी माझ्या हातानं त्याला दुखवलं गं."

दोघं थेट डॉक्टर शालिनींकडे गेली. "शी तपासून आतड्याच्या सुजेचा आकडा कळतो," त्या म्हणाल्या, "पण इतक्या लहान बाळांत तो आकडा एरवीही जास्तच निघतो. म्हणून वजन, पुरळ, शी, पोटात काय गेलं, सगळं जोडून बघायचं. वेळ लागेल."

वेळ लागेल, असं बाबा कधीच म्हणाले नव्हते. साकेतनं मान डोलावली.

आईबापहो, भीती वाटणारच, पोटचं पोर आहे. पण कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: हाच प्रयोग बाळाशिवाय केला तर काय होईल? तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं शंका तुम्हीच काढायची आहे.