तासातून सुटलेला नांगर

शाहपूरच्या मोतीरामांनी तापाच्या भरात दोनदा सलाईनची सुई उपटली. लालबागच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हे डिलिरियम आहे. आता हात पलंगाला बांधावे लागतील. पट्ट्या घेऊन येतो."

सुमित्राबाईंच्या मते नवऱ्याचं बांधण्यासारखं तोंड होतं, हात नव्हेत. पण त्यांना कोण विचारतो?

मुलगी रंजिताने मोबाइलवर 'डिलिरियम' शब्द शोधला. "आई, हा तर खेती-बाडीचा शब्द निघाला. जुन्या रोममध्ये नांगर तासातून, म्हणजे सरळ ओळीतून, बाहेर गेला, की असं म्हणायचे. मग भान सुटलेल्या माणसालाही तेच म्हणायला लागले. इंग्रजांनी तिथून उचलला."

"किती जुनी गोष्ट?"

"दोन हजार वर्षं तरी."

सुमित्राबाई पलंगाजवळ सरकल्या. एवढ्या लांबच्या नांगरवाल्यांना ह्यांचं दुखणं ठाऊक होतं तर! त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे नीट पाहिलं. उजवी मूठ नांगराचं रुमणं दाबल्यासारखी घट्ट होती. डावी हवेत काहीतरी चाचपत होती, आणि नेमकी सलाईनची नळी तिला सापडत होती.

"अगं, ह्यांना बैलांचा कासरा सापडत नाहीये."

घरी ट्रॅक्टर येऊन वीस वर्षं झाली होती. तरी त्यांनी पदर पिळून दोरीसारखा केला आणि त्या डाव्या मुठीत दिला. मूठ मिटली. नळी सुटली. मोतीरामांचा श्वास संथ झाला.

पट्ट्या घेऊन आलेले डॉक्टर दारातच थबकले.

"थांबा जरा," पदर न सोडवता सुमित्राबाई हळूच म्हणाल्या. "अर्धं शेत राहिलंय."