ठमीबायच्या मापाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पाठीचा पट्टा आहे. आगरदांड्याजवळच्या एका वाडीत, ठमीबायच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेला असतो. माझा स्पंज दबला आहे आणि माझ्या चिकटपट्ट्यांत कुणाकुणाच्या बनियनचे धागे अडकले आहेत. मी फार थकलो आहे. तरी थोडं ऐका.

ठमीबाय जेटीवर भाजी विकायची. तिची पाठ दुखू लागली तेव्हा तिला वाटलं, टोपल्यांच्या ओझ्याने दुखते. संध्याकाळी बारीक ताप यायचा, तोही तिने अंगावर काढला. एक दिवस तिची एक चप्पल बांधावरच्या चिखलात राहिली आणि घरी पोचेपर्यंत तिला ते कळलंच नाही. पाय बधिर झाले होते.

क्षयाचे जंतू तिच्या मणक्यांत शिरले होते. क्षय फक्त छातीत होतो असं नाही, मुलांनो. दोन मणके पोखरले होते आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. डॉक्टरांनी तिची पाठ उघडून पू काढला, किडलेलं हाड साफ केलं. वरच्या आणि खालच्या चांगल्या मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या सळ्यांनी जोडले. हाड भरून येईपर्यंत बाहेरूनही आधार हवा, म्हणून तिच्या अंगाचं माप घेऊन मला बनवलं.

चार महिने मी तिला धरून ठेवलं. गोळ्या तिने दीड वर्ष घेतल्या. ती चालू लागली, आणि वाडीने सगळं श्रेय मला दिलं. स्क्रू कुणाला दिसत नव्हते, गोळ्या संपून गेल्या होत्या. दिसत होतो तो मी.

मग मला मागणं सुरू झालं. कुणाची कमर धरली, कुणाला उसण भरली, की मी निघालो. चौदा पाठींवर बसलो. एकीच्याही मापाचा नव्हतो. सुरुवातीला मला या मानाचा अभिमान वाटायचा, नंतर नुसता घाम जाणवायचा.

पंधरावी पाठ हमीदभायची. तो टेम्पोतून जेटीवर बर्फ पोचवायचा. त्याला मधुमेह होता. महिन्यापूर्वी तळपायात माशाचा काटा मोडून जखम चिघळली होती. ती वरून सुकली, पण तिथले जंतू रक्तातून मणक्यात पोचले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला कळायची ती फक्त संध्याकाळची ऊब. आजारात ठमीबायच्या पाठीला अशीच ऊब यायची, असं ती सांगायची. पट्ट्याला तोंड असतं तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो.

"झोपूनपण दुखतंय तुम्हाला," त्याची बायको जहुरा म्हणायची. "दवाखान्यात चला ना."

"पट्टा हाय ना," तो म्हणायचा आणि मला आणखी आवळायचा.

तीन आठवडे गेले. एका दुपारी ठमीबाय जेटीवर भाजी घेऊन बसली होती. समोरून हमीदभाय आला, जरा अडखळतच.

"हमीदभाय, दुसरी चप्पल कुठं हाय?"

"पायात हाय की."

"खाली बघ."

त्याने पाहिलं. डावा पाय अनवाणी होता आणि खालची फरशी उन्हाने तापली होती.

ठमीबायने टोपली तशीच सोडली. "संध्याकाळचा ताप येतो का रे तुला?"

"कणकण येते थोडी. उन्हातला धंदा आपला."

"माझीपण अशीच चप्पल राहिली व्हती," ती म्हणाली. "चल. टेम्पो दुसरा कोण तरी चालवंल."

मोठ्या दवाखान्यात मला सोडवताना डॉक्टरांनी विचारलं, "हा पट्टा कुणाचा?"

"आमच्या वाडीचा," जहुरा म्हणाली.

"वाडीचं काय दुखतं?" डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी हमीदभायचीही पाठ उघडावी लागली. पू काढला, तो तपासायला पाठवला, मणके स्क्रूंनी बांधले. पायांतली ताकद परत येईल का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. मी जहुराच्या मांडीवर होतो. तिसऱ्या दिवशी त्याचा अंगठा हलला तेव्हा तिची बोटं माझ्यात रुतली. पुढे सहा आठवडे शिरेतून औषध आणि मग गोळ्या. आता तो चालतो, पण डावा पाय अजून जरा ओढतो. माझ्यावर विसंबून काढलेले ते तीन आठवडे त्या पायात राहिले आहेत.

मित्रांनो, आधार देणं एवढंच माझं काम आहे. आतला पू मला काढता येत नाही, मी तो फक्त झाकतो. घरात कुणाची पाठ झोपूनही दुखत असेल, सोबत ताप असेल, पाय बधिर होत असतील, तर तुम्ही लहान असलात तरी मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.

परवा शेजारची नलू मला न्यायला आली होती. तिच्या सासऱ्यांची पाठ धरली होती.

ठमीबाय खुंटीकडे वळलीसुद्धा नाही. तिने पायात चपला घातल्या.

"पट्टा न्हाय मिळायचा," ती म्हणाली. "त्यांना तयार कर. दवाखान्यात मी येते संगती."