कंसमामी

आमच्या ऑफिसातल्या एक बाई खिडकीजवळच्या टेबलाशी एकट्याच बसून लिस्प नावाच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहायच्या. पडद्यावर नुसते कंसच कंस दिसायचे, म्हणून आम्ही त्यांना ‘कंसमामी’ म्हणायचो. बसगाड्यांच्या वेळापत्रकाचा जो प्रोग्राम आम्हा पाच जणांना चार महिने घासूनही जमला नव्हता, तो त्यांनी एकटीनं तीन आठवड्यांत चालू करून दाखवला. आमची तोंडं बघण्यासारखी झाली.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी विचारलं, “मामी, खरं सांगा, ही सगळी लिस्पचीच करामत ना?”

त्या हसल्या. “मनात आलेलं त्यात लगेच करून बघता येतं, हे खरं. पण तुम्ही पाच जण एकमेकांना समजावण्यातच दमायचात. मला फक्त स्वतःला पटवायचं असायचं.”

आज माझ्या हाताखाली बारा जण आहेत. दिवसभर समजावून घसा बसला की त्यांचं ते खिडकीजवळचं शांत टेबल फार आठवतं.