दुसरा हात

आमच्या लॅबमध्ये दातांच्या कॅप बनतात. तिथला एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण मोडत कुणी नाही: ज्याने दात बनवला त्याने तो डबीत टाकायचा नाही. दुसऱ्याने तो खिडकीशी न्यायचा, नमुन्याच्या दातांच्या पट्टीला लावून रंग जुळतोय ना ते बघायचं आणि मगच डबी बंद करायची. शेजारच्या टेबलावरच्या काकूंचा दुसरा हात मी, माझा दुसरा हात काकू. काम मला त्यांनीच शिकवलेलं.

गेले काही महिने काकूंची नजर उतरत चालली होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं, ऑपरेशनने न जाणारं. आकार त्यांना बोटांनी कळायचा, पण पिवळट पांढरा आणि राखाडी पांढरा त्यांना एकच दिसायला लागला होता. त्या चहाला उठल्या की मी त्यांच्या दातावर रंगाचा पातळ हात फिरवायची, पुन्हा भट्टीत घालायची आणि त्या येईपर्यंत साळसूदपणे आपल्या जागेवर. नशिबाने काकूंचा चहा लांबायचा.

अशात मला मोठ्या हॉस्पिटलच्या दंतविभागातून बोलावणं आलं. पगार चांगला होताच, पण माझा जीव अडकला तिथल्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात. माझी लेक ठकी माझ्या आईकडे असते, बसने तीन तासांवर. भेट रविवारची. मागच्या रविवारी ती अंगणात पडली. मी धावले, तर माझ्या हाताखालून निसटून आजीला बिलगली आणि तिलाच ‘आई’ म्हणाली.

“लहान आहे गं, चुकते,” आई घाईघाईने म्हणाली. मी हसले. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसले.

हॉस्पिटलने शनिवारपर्यंत मुदत दिली होती.

“कळवलंस?” नवरा रोज विचारायचा.

“कळवते. मी गेले की दुसऱ्याच दिवशी काकूंचं उघडं पडेल रे. एकट्या आहेत, या वयात दुसरीकडे कोण घेणार त्यांना?”

“मग असं कर, काकूंनाच दत्तक घे. घरात एक तरी लेकरू राहील.”

थट्टाच होती ती. आम्ही दोघं कपड्यांच्या घड्या करत होतो. त्याच्या हातात ठकीचा फ्रॉक आला. आता तिला होणारही नाही तो.

शुक्रवारी एक डॉक्टर स्वतः जिना चढून आले आणि त्यांनी टेबलावर डबी ठेवली.

“हा दात आहे की खडू? बाई हसल्या की बाईंच्या आधी दात दिसतो.”

लॅबच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, डबी उघडून पाहिली. “दुसरा हात कुणाचा?”

तो दात मी पाहिलाच नव्हता. तरी तोंडातून निघालं, “माझ—”

“कुणाचा नाही,” काकू म्हणाल्या. “मी परस्पर डबीत टाकला. मला रंग दिसत नाहीत, साहेब. बरेच दिवस झाले.”

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले, चष्मा काढून पुसत राहिले आणि हळूच म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत या, काकू.”

सगळे गेल्यावर मी विचारलं, “मला का नाही दाखवलात?”

“दाखवला असता तर तू दुरुस्त केला असतास.” त्या ब्रश पुसत होत्या. “भट्टी दोनदा वाजते, ते मला कळत नाही वाटलं? डोळे गेलेत गं, कान शाबूत आहेत. नाहीतर एवढा वेळ चहा कोण पितं?”

“मग आधीच का नाही बोललात?”

“आधी मलाही बरंच वाटत होतं की.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “परवा जिन्यात फोनवर बोलत होतीस. ‘अजून थोडे दिवस थांबाल का’ म्हणून. ते थांबतीलही. पोर थांबते का? मी अजून वर्षभर ओढलं असतं बाई, आणि तू ओढू दिलं असतंस.”

मला त्यांचा राग आला. कुणीतरी ठरवून टाकावं असं मला किती दिवस वाटत होतं, आणि आता कुणी ठरवलं तर छातीवरचं ओझं तसूभरही हललं नव्हतं.

परत आलेला दात मी त्यांच्या समोरच सुधारला, पहिल्यांदाच. भट्टी वाजली. “झाला,” काकू माझ्याआधी म्हणाल्या. मी खिडकीशी जाऊन रंग पाहिला आणि सवयीने डबीकडे वळले, तर त्यांनी हात पुढे केला.

“नियम आहे ना?”

दात त्यांच्या तळहातावर ठेवला. त्या खिडकीशी गेल्या, पट्टी उलगडली, एक नमुना दाताला लावून डोळे बारीक करून बघत राहिल्या. नमुना शेजारच्या रंगाचा होता, चुकीचा. मी डबी उघडून पुढे धरली.

“जुळला,” म्हणून त्यांनी डबी बंद केली. मी फोन घेऊन दाराकडे निघाले.

“जिन्यात नको,” काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. “इथेच कर. मला ऐकू दे.”