पोटात ठेवलेली यादी

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. माझा आवाज घोगरा आहे आणि स्वभाव, मित्रांनो, मुळीच गोड नाही. मी डूख धरते. कोणावर धरला आणि सूड कसा उगवला, ते ऐका.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती तंत्रशाळेच्या कचेरीतली पहिली सकाळ. खोके फोडून मला खिडकीशी ठेवले तेव्हा सगळे भोवती जमले. "मिनिटाला तीस प्रती!" असे म्हणत मोठ्या साहेबांनी स्वतःच्या तळहाताचीच प्रत काढून पाहिली. शिपाईमामा रोज मऊ फडक्याने माझी काच पुसायचे. ती वर्षे लाडाची होती.

ज्यांना फी परवडत नाही, अशा घरातल्या मुलांसाठी त्या शाळेत दरवर्षी एक जागा मोफत असे. तिथे शिकलेल्यांना कारखाने दारातूनच उचलून नेत. एका वर्षी त्या जागेच्या परीक्षेत इस्त्रीवाल्या मावशींची मुलगी पहिली आली. मावशींचे टेबल आमच्या फाटकाबाहेरच होते. कपड्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून ही पोर गणिते सोडवायची. तिच्या वह्यांना इस्त्रीचे तांबूस डाग असायचे.

टायपिस्टबाईंनी गुणांची यादी टाइप केली, तिन्ही परीक्षकांच्या सह्या घेतल्या आणि प्रत काढायला ती माझ्यावर ठेवली. प्रत छापून झाली, पण बाहेर पडता पडता मागच्या रुळात अडकली. तेवढ्यात साहेब आले.

"माझा भाचा कुठंय यात?"

"नववा आहे, साहेब."

"वर घ्या त्याला."

"पण पहिली तर इस्त्रीवाल्या मावशींची..."

"ती शिकायला लागली तर माझ्या शर्टांना इस्त्री कोण करणार?" साहेब खो खो हसले आणि त्यांनी मूळ यादी टराटरा फाडली. भाचा रोज मोटारीतून यायचा, पण गरिबीचा दाखला त्याच्याकडे तयार होता.

अडकलेली प्रत निघेना, म्हणून साहेबांनी माझे झाकण असे आपटले की काचेला तडा गेला. मी तो कागद मुद्दाम गिळला असे म्हणणार नाही. पण ते हसणे ऐकल्यावर मी तो रुळाच्या मागे, अगदी तळाशी सरकू दिला आणि तोंड मिटून घेतले.

नवी यादी लागली, तिच्यात भाचा पहिला होता. ती वाचून मुलगी आत आली.

"माझा पेपर बघायला मिळेल का?"

"तशी पद्धत नाही," साहेब म्हणाले. टायपिस्टबाईंनी मान वर केली नाही.

पुढे माझेही दिवस फिरले. काच कोणी पुसेना. कागद खाते म्हणून मला शिव्या बसू लागल्या. चार वर्षांनी मी पुरतीच बंद पडले, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानातून एक तरुणी अवजारांची पिशवी घेऊन आली.

"अगं, तू?" शिपाईमामा चकित झाले.

"इथं शिकवलं नाही, म्हणून दुकानात शिकले, मामा."

तिने माझी पाठ उघडली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि माझ्या पोटातला कागद बाहेर आला. पहिल्याच ओळीत तिचे नाव होते. तिने तो चुरगळलेला कागद गुडघ्यावर सरळ केला. मग तिने आधी मला नीट केले, शेवटचा स्क्रूसुद्धा आवळला.

त्या दिवशी नव्या वर्षाचे अर्ज घ्यायला आलेल्या आईवडिलांनी व्हरांडा भरला होता. तिने ती यादी माझ्या काचेवर ठेवली.

"झालं का चालू?" साहेब आतून ओरडले.

"बघतेय चालवून!"

मित्रांनो, त्या दिवसासारखी मी जन्मात चालले नव्हते. दोनशे प्रती, एकही न अडकता! तिने त्या व्हरांड्यात हातोहात वाटल्या. "वाचा, आणि साहेबांना विचारा पहिला नंबर कुठं गेला."

साहेब धावत आले. "हाकला हिला!" कोणी हलले नाही. उठल्या त्या टायपिस्टबाई. "यादी मी टाइप केलेली आहे. सह्या खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. साहेबांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

चौकशीत साहेबांची खुर्ची गेली, भाच्याचे प्रमाणपत्र रद्द झाले. आता तिथे प्रत्येकाला आपला तपासलेला पेपर पाहता येतो. मावशींनी तर साहेबांचे सहा शर्ट चुरगळलेलेच त्यांच्या दारात नेऊन टाकले. मुलीला मात्र जागा मिळाली नाही. वय निघून गेले होते. तिची ती वर्षे मला परत काढून देता आली नाहीत.

शाळेने मला भंगारात काढले आणि तिने मला तिथून उचलले. आज मी तिच्या स्वतःच्या दुकानात आहे. मागच्या महिन्यात अपिलाच्या कागदांचा गठ्ठा घेऊन साहेब आले आणि अर्ज घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीच्या पुढे घुसले.

"रांगेत या, साहेब," माझी मालकीण म्हणाली. "इथं नंबर बदलत नाही."

साहेब मुकाट्याने मागे गेले. त्यांची पाळी आली तेव्हा मी एकेक कागद इतका सावकाश काढला, की ते उन्हात तासभर ताटकळले. मला जराही वाईट वाटले नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही; ती घेणारी मला भेटली आहे. तुम्ही तुमच्या कष्टाची घ्या. निकाल पटला नाही तर मान खाली घालून घरी परतू नका. आपला पेपर मागा, आणि मागताना आवाज जरासुद्धा खाली आणू नका.