भोपळ्याचा वेल

“भावजी, दोन विटा काढा. फक्त दोनच.”

“वहिनी, वेड लागलं का तुम्हाला? आत धग आहे अजून. गार वारा शिरला तर ताटल्या तडकतील.”

“तडकू देत. मालक यायच्या आत मला वरच्या फळीवरचा माल बाहेर हवाय.”

भट्टीवाल्याने गळ्यातल्या फडक्याने मान पुसली आणि वहिनींकडे निरखून पाहिले. चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना काकू म्हणत. वहिनी म्हणण्याचा मान त्याचा एकट्याचा, कारण काकूंचे यजमान हयात असताना त्याचे जिवाभावाचे मित्र होते. जिचा आवाज चढला की रंगखात्यातल्या पोरी खाली मान घालून कुंचले चालवत, त्या बाईचे ओठ आज पांढरे पडले होते.

“काय करून ठेवलंत?” त्याने हलकेच विचारले.

काकूंनी सांगितले, आणि सांगताना स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

उमेदीची सारी वर्षे त्यांनी एकच काम केले होते. फिरत्या चाकावर ताटली ठेवायची, कुंचला टेकवायचा आणि काठाशी निळी दुहेरी रेघ ओढायची. आपली रेघ कधी हलली नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. आता ते काम यंत्र करणार होते. त्याचे खोके दाराशी येऊन पडलेही होते. ते पाहिले आणि काकूंच्या मनाने काय घेतले कोण जाणे. नव्या हॉटेलच्या बाईंना दाखवायच्या नमुन्याच्या ताटल्या त्यांच्यापुढे होत्या. काकूंनी चाक थांबवले आणि रेघेच्या जागी परसातल्या भिंतीवरचा भोपळ्याचा वेल काढला. एका ताटलीवरून निघालेला वेल दुसरीवर उतरत होता, तिसरीवर त्याला धुमारे फुटत होते. ताटल्या ओळीने मांडल्या तरच तो पुरा दिसणार होता. वर झिलईचा पांढरा लेप बसला आणि वेल त्याखाली दडला. भट्टीच्या आचेत लेप काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत तो कुणाच्या नजरेस पडणार नव्हता.

काढताना भीती नव्हती. ती आली भट्टीचे तोंड विटांनी बंद झाल्यावर. काकूंचे काम जाणारच होते. पण झिलईच्या टाकीवर त्यांची सून होती, आणि यापुढे घर तिच्याच जिवावर उभे राहायचे होते. मालकांनी दोघींना एकाच दाराने बाहेर काढले तर?

“भावजी, तुमच्या पाया पडते.”

हे शब्द काकूंच्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. तो उठला. पहिली वीट निघाली, दुसरी सैल झाली, आणि आतून आवाज आला. टण्! लहानसा, स्वच्छ.

त्याने घाईघाईने वीट परत बसवली. “गेली एक. आता मी काही हात लावणार नाही.”

काकू जमिनीवर बसल्या. मागून सून आली. तिचे हात कोपरापर्यंत लेपाने पांढरे होते.

“आई, त्या वेलाची फुलं निळी का काढलीत? भोपळ्याचं फूल पिवळं असतं.”

“तू पाहिलंस?”

“बुडवल्या कुणी? आंधळी आहे का मी?”

“आणि गप्प राहिलीस? अगं, तुझंही काम जाईल!”

“घरात तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का, म्हणजे इथे बोलू?” सून म्हणाली, आणि सासूशेजारीच जमिनीवर बसली. हातावरचा वाळलेला लेप ती नखाने खरवडत राहिली.

दुपारी मालक हॉटेलवाल्या बाईंना घेऊन आले. भट्टी उघडली. पहिली ताटली उजेडात आली आणि मालकांचा चेहरा उतरला.

“काकू, हे काय? मी रेघा सांगितल्या होत्या. आणि या ताटलीला झिलई कुणी दिली?”

“मी,” सून म्हणाली.

“तिला बोलू नका,” काकू उभ्या राहिल्या. “काढलं मी, दडवलं मी.”

हॉटेलवाल्या बाई कुणाचेच ऐकत नव्हत्या. त्यांनी ताटल्या जमिनीवर ओळीने मांडल्या. मध्ये एक जागा रिकामी राहिली.

“इथली कुठे?”

“माझ्या हातून—” भट्टीवाला पुढे झाला.

“त्यांच्या नाही,” काकूंनी त्याला अडवले. “मी भ्याले, आणि वेळेआधी भट्टी उघडायला लावली.”

बाईंनी मान वर केली. “आणि हा वेल पुढे कुठे जातो?”

“शेजारणीच्या भिंतीवर. रोज भांडण होतं.”

बाई खळखळून हसल्या. “मग भांडणापर्यंत काढा. माझ्या साऱ्या टेबलांना पुरेल एवढा.”

मालकांनी घसा साफ केला. “तसं आमच्या काकूंचा हात पहिल्यापासूनच...”

“तुमच्या काकूंचा हात तुम्ही आत्ताच पाहिलात,” बाई म्हणाल्या.

काकूंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या मनात एवढेच आले, की आता प्रत्येक ताटली भट्टीत गेली की असेच भ्यावे लागणार.

यंत्र रंगखात्यात आले आणि काकूंची जागा त्याला गेली. जुने चाक कोपऱ्यात उलटे पडले. काकूंना खिडकीपाशी वेगळे टेबल मिळाले. जेवणाच्या सुट्टीत पोरी तिथे येताना आता दारातच थबकत, एखाद्या साहेबाच्या दाराशी थबकावे तशा.

नव्या ताटल्या भट्टीत गेल्या. भट्टीवाल्याने शेवटची वीट लिंपली.

“काय वहिनी, काढू का दोन?”

“काढून तर बघा!”

काकू उलट्या खोक्यावर बसल्या, भट्टीकडे पाठ करून. एप्रनच्या खिशात त्या तडकलेल्या ताटलीचा तुकडा होता, न उमललेल्या कळीचा. त्याची धार बोटांना लागत होती. पण त्यांनी मूठ सोडली नाही, आणि मागे वळूनही पाहिले नाही.