सहीवरची पट्टी

राज्याच्या कला संचालनालयात प्रदर्शनासाठी चित्रं निवडताना सह्यांवर कागदी पट्टी चिकटवतात. परीक्षक रांगेत बसतात आणि शिपाई एकेक चित्र धरून उभा राहतो. एकाने जरी हात वर केला तरी चित्र पुढच्या फेरीत जातं. माझ्या चित्रासाठी एकही हात वर झाला नाही. त्या परीक्षकांत माझा सख्खा दादा होता.

उगाच त्याच्याकडे कुणी बोट दाखवायला नको, म्हणून मी ते चित्र त्यालाही दाखवलं नव्हतं. कसली अक्कल माझी!

संध्याकाळी तो घरी आला आणि कानांवर हात ठेवून मोकळा झाला. "अगं, सह्या झाकलेल्या. तुझं कोणतं, ते मला कसं कळणार?"

मी चहा टाकलाच नाही.

"चित्रं नीट बघितलीस ना?"

"म्हणजे काय! एकूण एक."

"खिडकीत बसलेली म्हातारी बघितलीस? चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली?"

दादा खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. ती सुटलेलीच होती.

"पट्टी माझ्या नावावर होती रे," मी म्हणाले. "आईच्या तोंडावर नव्हती."